वाड्यातील बिऱ्हाडे

पंचवटीतील आमचा वाडा आता राहिला नाही. २०११ साली तो उतरवण्यात आला आणि त्या जागी चार मजल्यांची इमारत उभी राहिली. परंतु तो वाडा डोळ्यांपुढे आणायला मला डोळे मिटावेही लागत नाहीत. दिंडी दरवाजातून आत शिरले की पहिला चौक आणि त्याच्या भोवती पाच बिऱ्हाडे. मग एक अंधारी बोळ, आणि बोळ संपली की मागचा चौक, तेथे आणखी चार. नऊ बिऱ्हाडांना मिळून विहीर एक, नळ एक, विजेचे मीटर एक आणि वर जाण्याचा जिनाही एकच. असे असूनही प्रत्येक उंबऱ्याच्या आत एक संपूर्ण संसार नांदत असे. एका घरी तबल्याचा रियाज चाले, शेजारी शिंप्याचे यंत्र खडखडत असे, पलीकडे टपालखात्यातले गृहस्थ संध्या करीत. आणि आपल्या भिंतीपलीकडे दुसरे कोणी आहे, याची आठवण जणू कोणालाच नसे.

या साऱ्याचे मालक माझे आजोबा. पाणी कोणी केव्हा भरायचे, कोणाच्या घरी कार्य निघाले तर कोणाची रिकामी खोली त्याला दोन दिवस द्यायची, हे सारे ते ठरवीत. आणि एवढे करूनही त्यांना कोणाच्या घरात पाऊल टाकावे लागत नसे. ते ओट्यावर बसून नुसती हाक मारीत.

मी पोटासाठी जो व्यवसाय करते तो काय आहे, असे कोणी नातेवाइकांनी विचारले की मला आजोबांचा तो ओटा आठवतो. माझाही व्यवसाय ओट्यावर बसून हाका मारण्याचाच आहे. कोठल्याशा थंड खोलीत एक मोठा संगणक असतो. त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. त्या एकाच्या पोटात वीस-पंचवीस संगणक नांदत असतात. त्यांना लोखंडाचा देह नसतो. रूढ भाषेत त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात; मी त्यांना आभासी यंत्रे म्हणते. प्रत्येकाला वाटते की हा प्रोसेसर, ही स्मृती, ही डिस्क माझी एकट्याची आहे. वस्तुतः त्याची डिस्क म्हणजे मोठ्या यंत्रावरील एक फाइल असते, आणि त्याची सारी जन्मकुंडली पानभर मजकुरात लिहिलेली असते. इंग्रजीत मोठ्या यंत्राला होस्ट आणि आतल्यांना गेस्ट म्हणण्याची चाल आहे. यजमान आणि पाहुणे! आमच्या नाशकात मात्र या शब्दाचा व्यवहार उलटा आहे. रामकुंडावर परगावाहून जो पाहुणा म्हणून येतो, त्यालाच तीर्थोपाध्ये ‘यजमान’ म्हणून संबोधतात.

ही कल्पना काही कालची नव्हे. संगणक जेव्हा खोली व्यापून बसत आणि त्यांची किंमत एखाद्या संस्थेलाच परवडे, तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांना काम कसे करता येईल, हा प्रश्न होता. अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या शास्त्रीय केंद्रात १९६४ साली या दिशेने काम सुरू झाले, आणि १९७२ साली त्या कंपनीने ‘व्हीएम/३७०’ ही व्यवस्था बाजारात आणली. पुढे १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी अशा व्यवस्थेच्या तीन कसोट्या सांगितल्या. आतल्या यंत्रावरचे काम खऱ्या यंत्रावर चालावे तसेच चालले पाहिजे. बहुतेक आज्ञा मध्यस्थावाचून थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. आणि साधनसामग्रीवरचा ताबा मात्र संपूर्णपणे व्यवस्थापकाकडे राहिला पाहिजे. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. भाडेकरूला घर आपलेच वाटावे, मालकाने उठल्याबसल्या लुडबूड करू नये, आणि विहिरीची किल्ली मात्र मालकाच्या कनवटीला असावी, हेच आजोबांचे शास्त्र होते!

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये जन्मली. तिच्याच वळणाची लिनक्स १९९१ साली आली, आणि फेब्रुवारी २००७ पासून तर आभासी यंत्रे चालवण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्या सोयीला ‘केव्हीएम’ म्हणतात. आज आमच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ईएसडीएस या नाशिकच्या कंपनीचे मोठे डेटा सेंटर आहे. तिच्या ‘एनलाइट’ नावाच्या व्यवस्थेचा विशेष असा की, आतल्या यंत्रावर भार वाढला म्हणजे चालत्या कामातच त्याला अधिक स्मृती आणि अधिक प्रोसेसर मिळतात, आणि भार उतरला की ते परत घेतले जातात. लग्नघराला शेजारची खोली दोन दिवस देण्याचाच हा प्रकार. द्राक्षांच्या आणि तीर्थयात्रेच्या या गावी असाही वाडा आहे, हे रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही, कारण बाहेरून दिसतात त्या नुसत्या भिंती.

माझी हाक मारण्याची रीत साधी आहे. काळ्या पडद्यावर एक खूण लुकलुकत असते. तेथे मी शब्द लिहिते आणि एंटरची कळ दाबते. याला कमांड लाइन म्हणतात. चित्र नाही, बटण नाही, ‘खरेच का?’ असे विचारणारी चौकट नाही. आभासी यंत्रांसाठी ‘व्हर्श’ नावाचे एक साधन असते. त्याला ‘लिस्ट’ म्हटले की बिऱ्हाडांची यादी पुढे येते, ‘स्टार्ट’ म्हणून नाव सांगितले की ते यंत्र जागे होते. मात्र काही शब्दांचे अर्थ जपून शिकावे लागतात. ‘शटडाउन’ ही केवळ विनंती आहे. आतल्या यंत्राने ती मानली तर ते आवरासावर करून निजते, आणि न मानली तर जागेच राहते. ‘डिस्ट्रॉय’ या शब्दाने नवशिक्याच्या अंगावर काटा येतो. परंतु त्याचा अर्थ वीज तोडणे एवढाच आहे. क्वचित काही अर्धवट लिहिलेले बिघडते. एरवी यंत्र, त्याची डिस्क, त्याची कुंडली सारे जागच्या जागी असते आणि दुसऱ्या क्षणी त्याला पुन्हा उठवता येते. खरा घात ‘अनडिफाइन’ या सौम्य शब्दात आहे. तो नोंदवहीतून नाव काढून टाकतो. आणि त्याच्यापुढे ‘साठाही काढ’ अशी पुस्ती जोडली तर डिस्कही पुसून टाकतो. आरडाओरडा करणारे शब्द माणसाला सावध करतात. सौम्य शब्द ती तसदी घेत नाहीत. हे मला ठाऊक होते. मी दुसऱ्यांना शिकवतही होते.

आता अण्णांकडे वळते. माझे वडील शाळेत शिक्षक होते. वाडा उतरवला गेल्यावर त्यांनी त्याची बखर लिहायला घेतली. कोणत्या खोलीत कोण राहिले, कोठून आले, कोठे गेले, कोणाच्या घरी कोणत्या साली मूल झाले आणि कोणाच्या घरून कोणत्या साली तिरडी उठली. २००४ साली घेतलेल्या संगणकावर ते हे टंकीत. त्या काळी मराठी टंक निराळ्या पद्धतीचे होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो मजकूर नव्या संगणकावर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. परंतु अण्णांची बोटे जुन्या मांडणीला वळली होती, आणि ती सोडायला ते तयार नव्हते.

२०१६ साली त्या संगणकाने मान टाकली. डिस्क शाबूत होती. मी तिची शब्दशः प्रत काढली आणि घरातील लहानशा सर्व्हरवर तिला आभासी यंत्राचा देह दिला. विंडोज एक्सपीची देखभाल तिच्या निर्मात्यांनी २०१४ सालीच थांबवली होती, म्हणून या पाहुण्याला मी बाहेरच्या जगाकडे दारच ठेवले नाही. अण्णांच्या टेबलावरील नव्या संगणकावर एक खिडकी उघडे, आणि तिच्यात त्यांचा २००४ सालचा संगणक जसाच्या तसा दिसे. तेच चित्र, तीच खूणचिन्हे, तोच टंक. “अगं, हा मेला होता ना?” असे म्हणून त्यांनी खिडकीवरून हात फिरवला होता. त्या यंत्राला मी ‘अण्णा’ असेच नाव दिले.

गेल्या ज्येष्ठात तो सारा मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचे माझ्या मनाने घेतले. मूळ यंत्राला हात लावणे बरे नव्हे, म्हणून मी त्याची एक प्रत केली आणि तिचे नाव ‘अण्णा-नक्कल’ असे ठेवले. काम अर्धवट राहिले. कार्तिकातील एका रात्री सर्व्हरवरची जागा संपत आली तेव्हा ती नक्कल काढून टाकावी असे मी ठरवले. अकरा वाजून गेले होते. दिवसभर कचेरीची यंत्रे सांभाळून डोळे जड झाले होते. मी ‘अनडिफाइन’ लिहिले, नावाची पहिली दोन अक्षरे लिहिली आणि टॅबची कळ दाबली. ही कळ दाबली की उरलेला शब्द यंत्र स्वतः पुरा करते. त्याने शब्द ‘अण्णा’पर्यंत पुरा केला आणि तेथे ते थांबले, कारण दोन्ही नावे तेथपर्यंत सारखी होती, आणि पुढचे मी सांगावे अशी त्याची अपेक्षा होती. ते थांबणे मला दिसले नाही. मी पुढची पुस्ती जोडली आणि एंटर दाबले.

दोन ओळी उमटल्या. ‘अण्णा’ची नोंद काढली. ‘अण्णा’ची डिस्क काढली. आणि ती खूण पूर्ववत लुकलुकू लागली.

त्या क्षणाचे वर्णन मी करणार नाही. काय करता येईल ते सारे मी पहाटेपर्यंत केले. परंतु मोकळी झालेली जागा लगेच झाडून घ्यावी, अशी व्यवस्था त्या सर्व्हरवर मीच हौसेने करून ठेवली होती. कचेरीतल्या प्रत्येक यंत्राची रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत जाते. घरच्या यंत्राची मात्र जात नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नक्कल तेवढी सुरक्षित होती. म्हणजे ज्येष्ठापर्यंतचे अण्णा होते आणि त्यानंतरचे पाच महिने नव्हते.

सकाळी अण्णा चहा घेत होते. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“किती गेले?”

“आषाढापासूनचे, अण्णा. मागच्या चौकातली चारही बिऱ्हाडे.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे वाडा दुसऱ्यांदा पडला म्हणायचा.”

ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. पण ते रागावले नाहीत. दोन दिवस त्यांनी खिडकी उघडली नाही. टेबलावरचा चष्मादेखील उचलला नाही. आई मला म्हणाली, “तू कामाला जा, मी पाहते.” मी गेले, आणि कचेरीत प्रत्येक हाक मारताना माझे हात कापत होते.

तिसऱ्या दिवशी अण्णा आपण होऊन म्हणाले, “चल, रामकुंडावर जाऊन येऊ. पुन्हा लिहायचे तर मुळापासून लिहू. पणजोबा नाशकात कोणत्या साली आले, ते गुरुजींच्या वहीत असेल.”

आमचे घराणे मूळ खानदेशातले. तीर्थोपाध्यांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. जो आला त्याने आपले नाव, गाव, कुळातील माणसे, येण्याचे कारण लिहायचे आणि खाली सही करायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. गुरुजी अण्णांना लहानपणापासून ओळखतात. तरीही त्यांनी विचारले, “यजमान, मूळ गाव?” अण्णांनी सांगितले. “आडनाव? आजोबांचे नाव? त्यांचे वडील?” एवढे झाल्यावर त्यांनी लाल फडक्याची गाठ सोडली. मला राहवले नाही. मी म्हटले, “गुरुजी, तुम्ही तर आम्हाला ओळखता.”

“ओळखतो, ताई. पण एका गावात एकाच आडनावाची, एकाच नावाची दोन माणसे असतात. तीन पिढ्या विचारल्यावाचून पान उघडायचे नाही, असे वडिलांनी सांगितले आहे.”

“आणि चुकीचे लिहिले गेले तर खोडता का?”

“खोडायचे कशाला? खाली नवी ओळ घालतो. जुने पान विरले तर नव्या वहीत उतरून घेतो, पण जुनी वही टाकत नाही. आणि वह्या माडीवर. गोदामाईला पूर आला की तिला कोणाचे नाव वाचता येत नाही.”

मी मान खाली घातली. प्रत्येक आभासी यंत्राला नावाखेरीज एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, आणि तो जगात दुसऱ्या कोणाचा नसावा अशाच रीतीने तयार होतो. म्हणजे तीन पिढ्या विचारण्याची सोय माझ्याकडेही होती. मूळ डिस्कवर हात न फिरवता नवे लेखन निराळ्या फाइलीत वरचेवर ठेवत जाण्याची सोयही होती. तिला स्नॅपशॉट म्हणतात आणि ती एका आज्ञेत होते. साधने सारी होती. नव्हती ती विचारण्याची सवय.

घाटाच्या पायऱ्या चढताना मला युनिक्सची एक जुनी रीत आठवली. युनिक्समध्ये फाइलीचे नाव पुसले म्हणजे ती फाइल लगेच मरत नाही. एखाद्या चालू कामाने ती उघडून धरलेली असेल, तर नाव गेले तरी मजकूर तसाच राहतो. तो शेवटचा हात सुटेल तेव्हाच जागा मोकळी होते. त्या रात्री अण्णांचे यंत्र चालू असते, तर मजकूर वाचला असता. पण त्यांनी ते नेहमीप्रमाणे नऊ वाजता शिस्तीने बंद केले होते. मला याचे फार वाईट वाटले होते. आता पायरीवर थबकून मी अण्णांकडे पाहिले. ते दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवून म्हणत होते, “शिंप्याची बायको पुराच्या वेळी दर तासाला येऊन पाहून जायची, पाणी कोठवर आले ते. हे मी लिहिले होते का गं?”

मी कशाला शोक करीत होते? ती फाइल अजून उघडी होती. ज्याने ती धरली होती तो माझ्याशेजारीच उभा होता आणि पायऱ्यांवर त्याला दम लागत होता.

त्या दिवसापासून आम्ही रोज रात्री जेवणानंतर बसतो. अण्णा सांगतात आणि मी लिहिते. युनिकोडमध्ये, नव्या संगणकावर. मागच्या चौकातली दोन बिऱ्हाडे पुरी झाली आहेत. ती पहिल्यासारखी नाहीत. पहिल्या लेखनात शिंप्याच्या भाड्याचा हिशेब होता असे अण्णांना आठवते. या वेळी तो त्यांना सांगता आला नाही, आणि तो आता कायमचा गेला. उलट पुराच्या वेळची ती बाई पहिल्या लेखनात नव्हतीच. लिहून झाले की मजकुराच्या तीन प्रती होतात. एक सर्व्हरवर, एक कपाटात आणि एक बहिणीच्या घरी पुण्याला.

‘अण्णा-नक्कल’ हे यंत्र मी अजून ठेवले आहे. त्याचे नाव बदलून ‘अण्णा’ करावे असे मनात आले होते. पण गुरुजींचे बोलणे आठवले आणि ते तसेच राहू दिले. आता काहीही काढून टाकण्यापूर्वी मी आधी ‘लिस्ट’ म्हणते आणि यादीतले नाव मोठ्याने वाचते. कचेरीतील मुले माझ्याकडे पाहून गालांत हसतात. हसोत बापडी. परवा रात्री घरी मी असेच एक नाव वाचत होते, तेव्हा आतल्या खोलीतून अण्णांनी विचारले, “कोणाला हाक मारतेस गं?”

“कोणाला नाही, अण्णा,” मी म्हटले, “नीट वाचते आहे.”